माळ्यावरची फौज खाली काढल्यावर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला तपासता येईल. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या चुलतभावाने ॲजिनकोर्टची, म्हणजे १४१५ ची इंग्रज-फ्रेंच लढाई टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायचं ठरवलं आणि २८ मिलिमीटर उंचीचे १६० शिपाई घेतले. बहुतेक प्लास्टिकचे, दोन डझन धातूचे. त्यातले २२ रंगवून झाले. मग नोकरी, लग्न, मुलगी, आणि खोका माळ्यावर गेला. आता भाऊ दिवाळीला सोलापूरला येतोय आणि तोवर फौज उभी करायचीय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जुने २२ खरवडून नव्याने रंगवू का, आणि रंग कोणत्या कंपनीचे घेऊ?

या दोन्हींची उत्तरं पुढे देतोच. पण तुमच्या मजकुरातल्या एका ओळीवर माझं बोट अडलं. ‘एकेका शिपायाला पाच-पाच तास लागायचे,’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते खोका माळ्यावर गेला तो या पाच तासांमुळे. १३८ शिपाई राहिलेत, पाचाने गुणा, ६९० तास होतात. आठवड्याला चार तास मिळतात म्हणता, म्हणजे तीन वर्षांच्या वर. एवढा डोंगर समोर दिसला की कुणाचाही हात ब्रशकडे जात नाही. तेव्हा पहिला निर्णय हा घ्या, की एका शिपायाला किती वेळ द्यायचा. तेवढ्या वेळात तो देखणा कसा करायचा हे त्यानंतर बघू.

माझी बाजू सांगतो, म्हणजे माझा सल्ला कुठून येतो ते कळेल. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या सुताच्या डाय हाऊसमध्ये २६ वर्षं काम केलं. तिथे एक गोष्ट अंगात मुरते: रंग लॉटचा बघायचा, लडीचा नाही. एखादी लडी अप्रतिम उतरली आणि बाकीच्या लॉटशी जुळली नाही, तर ती लडी बाजूला काढावी लागते. चादर बघणारा माणूस ती दोन हातांवर उलगडून, थोडं मागे सरून बघतो. तेवढ्या अंतरावरून सगळी चादर एकजीव दिसली पाहिजे. टेबलावरची फौजही तशीच बघितली जाते. तुमचे रंगवलेले २२ शिपाई जेवणाच्या टेबलावर मांडा आणि तीन फुटांवर उभे राहा. डोळ्यांतली बुबुळं दिसतात का? बटणं दिसतात का? पाच तासांतले तीन तुम्ही तिथेच घालवलेत. लांबून दिसतो तो चेहऱ्याचा उजळपणा, कपड्याचा ठळक रंग, लोखंडाची चमक आणि पायाखालची माती.

आता ते २२. खरवडू नका. मी माझे पहिले तीस धुऊन काढले होते आणि आजही त्याची चुटपुट लागते. त्यात दोन महिने गेले आणि शेवटी हातात रंगवलेले तीस नव्हे, उघडे तीस उरले. रंगाचा थर इतका जाड बसला असेल की साखळी चिलखताच्या कड्या बुजल्यात, तरच तो शिपाई धुवायला घ्या. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, आणि आधी एकाच शिपायावर करून बघा. थिनर किंवा ॲसिटोन प्लास्टिकला लावायचं नाही, शिपाई विरघळतो. बाकीच्यांना तीन गोष्टींनी नव्यांच्या ओळीत आणता येतं: सगळ्यांवर तोच तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), सगळ्यांच्या पायाखाली तीच माती, आणि सगळ्यांवर तेच मॅट वॉर्निश. नऊ वर्षांत तुमचा हात बदललाय, तो फरक याने बराचसा झाकला जातो. शिवाय हे २२ एकाच तुकडीत ठेवू नका. दर तुकडीच्या पुढच्या रांगेत तीन-चार वाटून द्या. बघणाऱ्याची नजर पुढच्या रांगेवर ठरते आणि मागच्यांनाही तोच दर्जा देऊन टाकते.

रंगाला हात लावण्याआधी खोक्यातला माल तपासा. धातूचे शिपाई लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात वर्षानुवर्षं पडून असतील तर अंगावर पांढरी भुकटी आलीय का बघा. शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या जुन्या ओतकामाला लाकूड-पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने असं होतं. ती भुकटी फुंकायची नाही, कोरड्या ब्रशने झटकायची नाही, आणि मुलगी लहान आहे म्हणून हे काम ती घरात नसताना, हातमोजे आणि मास्क घालून, ओल्या कपड्याने पुसून करा. कपडा नंतर फेकून द्या. हल्लीचे बरेच धातूचे शिपाई मुख्यतः कथलाचे असतात, त्यांना हा त्रास सहसा होत नाही. प्लास्टिकवाल्यांचे सांधे हलवून बघा. इन्स्टंट ग्लूने जोडलेले हात नऊ वर्षांत ठिसूळ होऊन टपकन सुटतात. ते आत्ताच सुटलेले बरे, वॉर्निशनंतर सुटले तर जास्त काम पडतं. सगळ्यांना भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने एक हात फिरवा, साच्याचं तेल आणि माळ्याची धूळ दोन्ही निघतात. जुन्या बाटल्यांत रंग रबरासारखा झाला असेल तर टाकून द्या. नुसता दाट झाला असेल तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा, बहुतेक वेळा तो परत कामाला येतो.

कंपनीचं उत्तर हे: व्हॅलेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर, तिन्ही चालतात. निवडताना मी एवढंच बघतो, की हीच बाटली चार महिन्यांनी पुन्हा मिळेल का. अर्धी फौज एका लालने आणि अर्धी दुसऱ्या लालने झाली तर ते डोळ्यांना खुपतं. आपल्या हवेत ड्रॉपरची बाटली सोयीची, कारण झाकण उघडं राहून रंग वाळत नाही. बेसच्या, म्हणजे शिपाई ज्यावर उभा असतो त्या तळाच्या, मातीला कॅमलचे ॲक्रिलिक पुरतात, तिथे महागाचा रंग घालवू नका.

कोणते रंग, यावर मात्र थोडा थांबतो, कारण इथे माझा धंदा आणि हा छंद एकमेकांना भेटतात. खोक्यावरच्या चित्रातले शिपाई भडक दिसतात. २५ ऑक्टोबर १४१५ ला ॲजिनकोर्टच्या रानात उभ्या असलेल्या इंग्रज धनुर्धाऱ्याच्या अंगावर मात्र लोकर आणि तागाचं कापड होतं, वनस्पतींच्या रंगात बुडवलेलं. त्या काळात युरोपात लाल यायचा मॅडरच्या मुळ्यांतून, म्हणजे आपल्या मंजिष्ठाच्या भावकीतून. पिवळा वेल्डमधून. निळा वोडच्या पानांतून, आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. लाल-पिवळ्याला तुरटीने पक्कं करायचे. हिरवा हवा असेल तर एकदा निळ्यात आणि एकदा पिवळ्यात बुडवायचे. गडद, पक्का काळा महागाचा. केर्मेस नावाच्या किड्यांपासूनचा झगझगीत किरमिजी तर बड्या सरदारांच्याच अंगावर शोभायचा. साध्या शिपायाचं कापड बरेचदा न रंगवलेलं, लोकरीच्या मूळ तपकिरी-राखाडी रंगाचं असायचं. वर या फौजेने आधी फ्रान्समधल्या हार्फ्लर बंदराला वेढा घातलेला, त्यात हगवणीने माणसं गेलेली, मग पावसात अडीच आठवड्यांची पायपीट. कापड विटलेलं असणारच.

म्हणून मी धनुर्धाऱ्यांना सहाच छटा देतो: विटका विटकरी लाल, मोहरीच्या चटणीसारखा पिवळट, धुवट निळा, मळका हिरवा, आणि लोकरीचे दोन तपकिरी. बाटलीतला लाल सरळ लावत नाही, त्यात तपकिरीचा एक थेंब टाकतो. निळ्यात राखाडीचा. रंगाऱ्याच्या भाषेत शेड ‘मारतो’. सहाच रंग उलटेपालटे फिरवले, एकाची टोपी लाल तर दुसऱ्याचे पायमोजे लाल, की तुकडी गणवेशातली दिसत नाही आणि विस्कटलेलीही दिसत नाही. ज्यांच्या छातीवर सेंट जॉर्जचा क्रूस कोरलाय किंवा काढायचाय, तिथला लाल मात्र थोडा ताजा ठेवा. तीन फुटांवरून ‘हे इंग्रज’ हे त्या क्रूसानेच कळतं.

पद्धत आता. एका वेळी आठ घ्या. माझा अनुभव असा, की चार घेतले तर वॉश वाळेपर्यंत बसून राहावं लागतं आणि बारा घेतले तर कंटाळा येऊन मधेच सुटतात. औषधाच्या बाटल्यांच्या टोपणांवर एकेक शिपाई चिकटवा, म्हणजे बोटाचं तेल लागत नाही.

एक धनुर्धारी डोळ्यांसमोर आणा. प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, फिका राखाडी. गोधडीसारखा भरीव शिवलेला जॅकेट: न रंगवलेल्या तागाचा रंग, मोठ्या ब्रशने, कडा न सांभाळता. मग पायमोजे, टोपी, चेहरा-हात, धनुष्याचं लाकूड, पट्टे, बूट. इथे आठही शिपायांवर एक रंग संपवायचा आणि मगच दुसरी बाटली उघडायची. कडेला थोडं सांडलं तर पुढच्या रंगाने आपोआप झाकलं जातं, म्हणून आतल्या थरापासून बाहेर यायचं. सगळे सपाट रंग झाले की शिपाई अगदी बाळबोध दिसतो. घाबरू नका, प्रत्येक वेळी असाच दिसतो. मग पूर्ण अंगावर पातळ तपकिरी वॉश. तो खाचांत उतरतो आणि गोधडीच्या प्रत्येक टाक्याला स्वतःहून सावली देतो. जिथे थेंब साचेल, हनुवटीखाली, काखेत, तिथे ओलसर स्वच्छ ब्रशचं टोक लावून तो टिपून घ्या. हे टिपून घेणं मन लावून करा. वॉश साचून वाळला की चिखलाचा डाग दिसतो, टिपला की सावली दिसते. वाळल्यावर नाक, गालाची हाडं, खांद्यावरचा कापडाचा भाग, गुडघा, टोपीचा माथा, एवढ्याच ठिकाणी मूळ रंगाचा थोडा उजळ हात. झालं. आठ शिपायांना माझे सहा तास लागतात, म्हणजे एकाला पाऊण तास.

पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्यात वॉश पातळ केला की वाळल्यावर क्षाराची पांढरी कडी उमटते, काळ्या-तपकिरी कापडावर तर लगेच. आणि रंगवाल त्याच उजेडात खेळाल का, हे बघा. ट्यूबखाली जुळलेल्या दोन शेड दुपारच्या उन्हात फाटतात, हे डाय हाऊसमध्ये मी शेकडो वेळा पाहिलंय. दर आठांनंतर शिपाई खिडकीत नेऊन एकदा दिवसाच्या उजेडात बघायचे.

सोलापूरच्या हवेबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या व्हिडिओंत ही अडचण येतच नाही. एका मे महिन्यात मी दुपारी गच्चीवर चाळीस फ्रेंच शिपायांना स्प्रे प्रायमर मारला. पारा त्रेचाळीसच्या वर होता. प्रायमरचे थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत गेले आणि चाळीसच्या चाळीस शिपाई पॉलिश पेपरसारखे खरखरीत झाले. त्या खरखरीवर वॉश नीट उतरत नाही, ठिपके-ठिपके दिसतो. तेव्हापासून स्प्रे फक्त सकाळी आठच्या आत, वारा पडलेला असताना, वीतभर अंतरावरून, थोडा थोडा. आता तुम्ही पावसाळ्यात सुरू करणार, तर उलटी काळजी घ्या: हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे वॉर्निश मारू नका, त्यावर पांढुरकी धुक्यासारखी साय धरते. ब्रशने लावायचं मॅट वॉर्निश घ्या, वेळ जातो पण झोप नीट लागते. साय धरलीच तर ग्लॉस वॉर्निशचा एक हात दिल्यावर ती बहुतेक वेळा निघून जाते, त्यावर पुन्हा मॅट.

डोक्यावरचा पंखा हाही ब्रशवरचा रंग वाळवतो. पंखा बंद करून बसणं इथे शक्य नाही, म्हणून मी शेंगा-चटणीच्या चपट्या डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग ठेवतो. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला असतो. तुमच्यासारख्या रोज अर्धा-अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला हा डबा फार उपयोगी पडेल.

फ्रेंच चिलखतवाल्यांवर जास्त वेळ घालवायची गरज नाही. काळा प्रायमर, स्टील रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), काळपट वॉश, कडांना पुन्हा थोडं स्टील. हे सगळ्यांत पटकन होणारे शिपाई आहेत, म्हणून कंटाळा आला की मधे एक आठची खेप यांची घ्या. निशाणं आणि अंगरख्यांवरच्या चिन्हांचा एक जुना नियम लक्षात ठेवा: सोनेरी-चंदेरी एकमेकांवर नाही, आणि लाल, निळा, काळा, हिरवा हेही एकमेकांवर नाहीत. फिक्यावर गडद, गडदावर फिकं. लढाईच्या धांदलीत लांबून ओळख पटावी म्हणून हा नियम रुळला, आणि चादरीच्या नक्षीतही आम्ही नेमकं हेच सांभाळतो. एखादं मोठं निशाण स्वतः काढायचं असेल तर फ्रेंच फौजेचा कॉन्स्टेबल, म्हणजे सरसेनापती, शार्ल दाल्ब्रे याचं काढा. चार चौकोनांत दोन नुसते लाल, उरलेल्या दोनांत निळ्यावर सोनेरी लिलीची फुलं. अर्धं निशाण सपाट रंगातच होऊन जातं. बाकीच्यांना तयार ट्रान्सफर (चिकटवायची छापील चित्रं) लावा, त्यात कमीपणा काही नाही.

बेसमध्ये मात्र हात आखडू नका. लढाईच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता, रान नुकतंच नांगरलेलं होतं, आणि दोन्ही अंगांना झाडी. फ्रेंच सरदार चिलखतासकट त्या चिखलात रुतत चालत गेले. आपल्याकडे काळ्या रानात पावसानंतर चाललेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, चपलेखाली किलोभर माती येते. चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू फेविकॉलवर बसवा, गडद तपकिरी द्या, कडांवर फिका ड्रायब्रश, आणि नांगराच्या तासासारख्या दोन-तीन खाचांत ग्लॉस वॉर्निशचा थेंब. ओल दिसते. तोच तपकिरी पातळ करून शिपायाच्या बुटांना आणि पायमोज्यांच्या खालच्या भागाला लावा. माझ्या फौजेला बघून लोक सगळ्यांत आधी त्या चिखलाबद्दल बोलतात.

दिवाळीचं गणित असं. हाताशी सतरा आठवडे, चार तासांनी ६८ तास. प्रायमर, बेस, वॉर्निश यांना वीस ठेवा. उरलेल्या ४८ तासांत आठाच्या आठ खेपा, म्हणजे ६४ शिपाई. जुने २२ धरून ८६. एका संध्याकाळच्या लढाईला एवढे भरपूर झाले. इंग्रजांकडे दर सहा माणसांत जवळपास पाच धनुर्धारी होते, तेव्हा पाच खेपा धनुर्धाऱ्यांच्या आणि तीन फ्रेंचांच्या घ्या. उरलेले ७४ खोक्यातच बंद ठेवा, टेबलावर मांडून ठेवलेत तर रोज तेच दिसतील. तुमचा वेळ चारऐवजी दोनच तास निघाला तर चार खेपा करा आणि लढाई छोटी खेळा. पण दर खेप बेस आणि वॉर्निशसकट संपवा, अर्धवट खेपेवर दुसरी चढवू नका.

एक सावधगिरी. मधेच तुम्हाला दुसरी फौज घ्यावीशी वाटेल. मला दरवर्षी वाटतं. भुईकोट किल्ल्यावरून जाताना तर हमखास, कारण हाच सोलापूरचा किल्ला हुसेन निजामशहाने चांदबिबीच्या लग्नात अली आदिलशहाला आंदण दिला होता, आणि त्या सोयरिकीनंतरच २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटला विजयनगरविरुद्ध दोघं एका बाजूला उभे राहिले. हत्ती, तोफा, चार सुलतानांची निशाणं, काय टेबल दिसेल ते! यादी वहीत पूर्ण आहे. पण ॲजिनकोर्टचा शेवटचा शिपाई वॉर्निश होईपर्यंत एकही हत्ती मागवायचा नाही, हे मी पाळलं आणि म्हणून ती फौज पुरी झाली.

येत्या रविवारी खोका उघडून भुकटी आणि सांधे तपासा, धनुर्धाऱ्यांतले आठ धुऊन वाळत घाला. आणि मला एक गोष्ट कळवा: तुम्ही आणि भाऊ ज्या नियमांनी खेळणार आहात त्यात बेसचं माप किती आहे, आणि शिपाई एकेकटे हलतात की चार-सहा एका बेसवर? एका बेसवर सहा बसणार असतील तर मागच्या रांगेतल्यांच्या पायांना तुम्ही अजिबात वेळ देऊ नये, आणि मग वर सांगितलेला पाऊण तास अर्ध्या तासावर येतो.